बारावीनंतर शाखा आणि कॉलेज: आधी काय ठरवायचं, नंतर काय

सीईटीचा निकाल लागला की बहुतेक घरांत सगळ्यात आधी उघडली जाते ती गेल्या वर्षीची कट-ऑफ यादी. आपल्या पर्सेंटाइलमध्ये जे बसतं त्यातलं नाव असलेलं कॉलेज हेरलं जातं. ती शाखा मुलाला हवी आहे का, हा प्रश्न त्यानंतर येतो आणि पैशांचा हिशेब फी भरायच्या आदल्या रात्री. हा क्रमच उलटा आहे. दुसऱ्या वर्षात गाडी अडकते तेव्हा दोष मुलाच्या अभ्यासाला दिला जातो, पण गोंधळ निवडीतच झालेला असतो.

योग्य क्रम असा: कागदपत्रं, कामाची निवड, पैसा, शाखा, कॉलेज आणि सगळ्यात शेवटी पर्सेंटाइल. पुढचे टप्पे मुख्यतः राज्याच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांसाठी लिहिले आहेत. दुसरा, तिसरा आणि चौथा टप्पा मात्र कुठल्याही शाखेच्या मुलामुलींनी वाचावा.

## टप्पा १: कागदपत्रं निकालाआधी हातात हवीत

चांगले गुण असूनही जागा हुकते ती बहुतेक वेळा इथे. राखीव प्रवर्गातून प्रवेश घ्यायचा असेल तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ते जिल्हा पडताळणी समितीकडून येतं (अनुसूचित जमातींसाठी समिती वेगळी असते) आणि त्याला महिने लागू शकतात. म्हणून अर्ज अकरावीत, फार तर बारावीच्या सुरुवातीला कॉलेजमार्फत करा. वडिलांचं, काकांचं किंवा आत्याचं वैधता प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत जोडा, काम बरंच सोपं होतं.

नॉन-क्रिमीलेयर दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. मोठ्या भावाच्या वेळी काढला होता म्हणून निर्धास्त राहू नका, तुमच्या प्रवेशाच्या वर्षात चालणारा दाखला हवा. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रमाणपत्र राज्याच्या नमुन्यात लागतं. केंद्राच्या नमुन्यातलं जेईईला चालतं, पण इथे अडतं. दोन्हीकडे अर्ज करणार असाल तर दोन्ही काढा. अधिवास, राष्ट्रीयत्व आणि उत्पन्नाचा दाखला हे तर लागतातच.

तपासा: दहावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला आणि आधार या तिन्हींवर नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का? नसेल तर दुरुस्ती आत्ताच. जूनमध्ये दाखले देणाऱ्या सेतू केंद्रासमोर रांग असते.

सावधान: वैधता प्रमाणपत्र दिलेल्या मुदतीत सादर झालं नाही, तर उमेदवार खुल्या गटात धरला जातो. 'पावती आहे ना' या भरवशावर राहू नका. पावतीवर सवलत द्यायची की नाही हे त्या-त्या वर्षी ठरतं.

## टप्पा २: स्वप्नाचं दार कधी उघडतं ते शोधा

'आवडीचं करायचं की पोटापाण्याचं' या वादात घरं महिनोन्‌महिने अडकतात. वाद घालण्याआधी एक गोष्ट शोधून काढा: त्या क्षेत्रात शिरायचं दार बारावीनंतर लगेच आहे, की पदवीनंतर? याचं उत्तर मिळालं की निम्मे वाद आपोआप मिटतात, कारण पुष्कळदा दोन रस्त्यांत भांडणच नसतं.

काही दारं बारावीलाच आहेत. वास्तुकलेसाठी बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं, शिवाय नाटा ही परीक्षा. एनडीएतून हवाई दल किंवा नौदलात जायचं तर हे दोन विषय आणि रसायनशास्त्रही हवं. वैमानिक व्हायचं तरी गणित आणि भौतिकशास्त्र हवंच. इथे 'आधी बीकॉम करू, मग बघू' चालत नाही. अकरावीत गणित सोडलेल्या मुलाला हे बारावी संपल्यावर कळतं, तेव्हा वाईट वाटतं.

काही दारं मात्र पदवीनंतर उघडतात. पुण्याच्या एफटीआयआयमधले दिग्दर्शन, छायाचित्रण आणि संकलनाचे तीन वर्षांचे अभ्यासक्रम कुठल्याही शाखेच्या पदवीधराला खुले असतात. ध्वनिमुद्रणासाठी बारावीला भौतिकशास्त्र असावं लागतं. पुण्याच्याच डेक्कन कॉलेजमधलं पुरातत्त्वाचं एमए, तीन वर्षांची एलएलबी, पत्रकारितेचं पदव्युत्तर शिक्षण, यूपीएससी आणि एमपीएससी, सगळीकडे आधी पदवी लागते. मग सिनेमा करायचा म्हणून बारावीनंतर भलत्या खासगी संस्थेत लाखो रुपये ओतण्याची घाई कशाला? तीन वर्षांची पदवी घ्या, त्या काळात लघुपट बनवा, भरपूर बघा, मग प्रवेशपरीक्षेला बसा.

आणि काही ठिकाणी दोन दारं असतात. डिझाइनला बारावीनंतर यूसीड आणि एनआयडीच्या परीक्षा आहेत, पदवीनंतर सीड आहे. पहिलं हुकलं तर दुसऱ्यासाठी तयारी करत पदवी पूर्ण करता येते.

यातून एक नियम निघतो. स्वप्नाचं दार पदवीनंतरचं असेल, तर आत्ताची पदवी त्या स्वप्नाला खतपाणी घालणारी आणि तुम्हाला नीट पूर्ण करता येईल अशी निवडा. 'हाताशी असू दे' म्हणून घेतलेलं इंजिनिअरिंग एटीकेटींमध्ये, म्हणजे राहिलेले विषय पुन्हा पुन्हा देण्यात, सहा वर्षं रेंगाळलं, तर ते हाताशी राहत नाही आणि स्वप्नासाठीची वर्षंही खातं. ज्या मुलाला गणिताचा मनापासून कंटाळा आहे त्याच्यासाठी सुरक्षित पदवी म्हणजे चांगल्या कॉलेजातलं बीए किंवा बीकॉम असू शकतं. हे मी पालकांना वारंवार सांगते आणि पुन्हा सांगेन.

सावधान: वैमानिक व्हायचं असेल तर फ्लाइंग स्कूलची फी भरण्याआधी डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमांप्रमाणे वैद्यकीय तपासणी करून घ्या, आधी क्लास टू आणि मग क्लास वन. डोळ्यांतला किंवा कानातला दोष नंतर निघाला तर भरलेले पैसे अडकतात.

## टप्पा ३: कामाची चव घ्या

'मला गाड्या आवडतात म्हणून मेकॅनिकल' हे वाक्य ऐकलं की मी मुलांना एक काम देते. ज्या विद्यापीठात जायचं आहे त्याच्या संकेतस्थळावरून दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम उतरवून घ्या. पहिलं वर्ष बघून उपयोग नाही, ते सगळ्या शाखांचं जवळपास सारखं असतं. तिसऱ्या आणि चौथ्या सत्राचे विषय वाचा. मेकॅनिकलला थर्मोडायनॅमिक्स, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, फ्लुइड मेकॅनिक्स दिसेल. कॉम्प्युटरला डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स आणि डेटा स्ट्रक्चर्स. गाडी कुठेच दिसणार नाही, ती फार पुढे येते, ऐच्छिक विषयात.

मग त्यातला एक विषय घ्या आणि एनपीटीईएलवर त्याची पहिली चार-पाच व्याख्यानं बघा. आयआयटीच्या प्राध्यापकांची ही व्याख्यानं फुकट आहेत. वही-पेन घेऊन बसा, नुसतं ऐकू नका. तिसऱ्या व्याख्यानापर्यंत अवघड गेलं तरी हरकत नाही. 'पुढे काय होतं ते बघू' असं वाटलं का, एवढंच स्वतःला विचारा.

दुसरं काम माणसांशी बोलण्याचं. त्या क्षेत्रात तीन ते पाच वर्षं काम केलेली दोन-तीन माणसं गाठा. वीस वर्षं झालेल्या साहेबांचे अनुभव ऐकायला छान वाटतात, पण त्यांच्या वेळची नोकरी आता तशी राहिलेली नाही. 'स्कोप आहे का' असं विचारू नका, त्याचं उत्तर कायम 'मेहनत केली तर आहे' असंच येतं. त्याऐवजी विचारा: काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय केलं? पहिला पगार किती हातात आला? तुमच्या वर्गातले किती जण आज याच कामात आहेत? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट लिहून ठेवा.

मानसशास्त्राकडे वळणाऱ्या मुलींसाठी मुद्दाम सांगते: माणसांशी बोलायला आवडतं हे कारण चांगलं आहे, पण पदवीत संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्रही असतं, आणि स्वतंत्रपणे उपचार करण्यासाठी बीएनंतर आणखी बरीच वर्षं शिकावं लागतं. पहिली कमाई उशिरा सुरू होईल हे घरात आधीच बोलून घ्या.

तपासा: 'मला अमुक व्हायचंय' या वाक्याऐवजी 'मला रोज अमुक काम करायला चालेल' असं वाक्य लिहिता येतं का? येत नसेल तर हा टप्पा अजून संपलेला नाही.

## टप्पा ४: पैशांचा हिशेब, पूर्ण चार वर्षांचा

पहिल्या वर्षाची फी बघून निर्णय घेऊ नका. एका कागदावर चार वर्षांची शिकवणी फी, विकास शुल्क, परीक्षा शुल्क, वसतिगृह किंवा भाड्याची खोली, मेस, प्रवास आणि लॅपटॉप असं सगळं मांडा. खासगी विनाअनुदानित कॉलेजांची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळते, कॉलेजच्या खिडकीवरचा आकडा त्याच्याशी ताडून बघा. मंजूर फीच्या वर 'देणगी' मागणं १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्यानं बेकायदा आहे.

आता सवलती वजा करा:

- कॅपमधून प्रवेश घेतलेल्या आणि कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. विकास शुल्क आणि वसतिगृह यात येत नाही.
- राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या गटातल्या मुलांना शिकवणी फीची निम्मी रक्कम मिळते. अर्ज राज्याच्या महाडीबीटी संकेतस्थळावर, दरवर्षी करावा लागतो. दुसऱ्या वर्षी विसरणारे पुष्कळ असतात.
- टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिकवणी फी माफीच्या जागा. याबद्दल सातव्या टप्प्यात.

संस्थास्तरावरच्या म्हणजे मॅनेजमेंटच्या जागेवर गेलात तर यातल्या बहुतेक सवलती सुटतात. 'थोडेच जास्त भरायचे आहेत' असं वाटतं तेव्हा सुटलेली सवलतही त्यात मिळवून बघा.

कर्ज काढणार असाल तर हा हिशेब बघा. दरवर्षी अडीच लाख असे चार वर्षांत १० लाख, व्याज १० टक्के. हप्ते शिक्षण संपल्यावर एका वर्षानं सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. सरळ व्याज धरलं तरी हप्ता सुरू होताना डोक्यावर साडेतेरा लाख असतात. दहा वर्षांत फेडायचे तर महिना साधारण १७,८०० रुपये. आता तिसऱ्या टप्प्यात विचारून घेतलेला पहिला पगार शेजारी ठेवा. हप्ता पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जात असेल, तर ते कॉलेज माझ्या मते यादीतून काढावं, त्याचं नाव कितीही मोठं असो. शिकत असतानाच व्याज भरत गेलात तर मुद्दल १० लाखच राहतं आणि हप्ता १३,२०० च्या आसपास येतो. जमेल त्यांनी हे नक्की करावं.

सावधान: शेत किंवा राहतं घर तारण ठेवण्याआधी बँकेत विचारा. सरकारी बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही.

## टप्पा ५: शाखा आधी की कॉलेज आधी

माझं मत स्पष्ट आहे. तिसऱ्या टप्प्यात एखादी शाखा पक्की झाली असेल तर शाखा आधी. दोन-तीन शाखा सारख्याच चालत असतील तर कॉलेज आधी, कारण चांगल्या कॉलेजात सोबतची मुलं चांगली मिळतात आणि त्यांच्याकडूनच अर्धं शिक्षण होतं. पुण्याच्या सीओईपी किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये दुसऱ्या पसंतीची शाखा मिळत असेल आणि तिचा तिटकारा नसेल, तर ती घेण्यात शहाणपण आहे. तिटकारा असेल तर नाव बघून जाऊ नका.

सरकारी नोकरी हे ध्येय असेल तर गणित वेगळं होतं. सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा आणि जिल्हा परिषदांमधल्या अभियंत्यांच्या जागा प्रामुख्यानं सिव्हिलच्या असतात. अशा मुलानं सगळे जातात म्हणून कॉम्प्युटरला जाणं म्हणजे स्वतःच्या हातानं वाट लांबवणं.

एआय, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी अशा नव्या नावांच्या शाखांचा अभ्यासक्रम त्याच कॉलेजच्या कॉम्प्युटरच्या अभ्यासक्रमाशेजारी ठेवून वाचा. फरक चार-पाच विषयांचाच निघाला आणि शिकवणारे शिक्षक तेच असले, तर केवळ नावासाठी जास्त दूरचं किंवा जास्त महागडं कॉलेज घेऊ नका.

## टप्पा ६: कॉलेज डोळ्यांनी बघा

जाहिरातीतलं 'सर्वोच्च पॅकेज' पूर्ण विसरा. ते एका मुलाचं असतं. विचारायचं हे: तुमच्या शाखेत गेल्या वर्षी शेवटच्या वर्षाला किती मुलं होती, त्यातल्या किती जणांच्या हातात नोकरी होती आणि पगारांच्या क्रमात मधोमध येणाऱ्या मुलाचा पगार किती? 'एकूण ऑफर' हा आकडा फसवतो, एकाच मुलीच्या तीन ऑफर तिथे तीनदा मोजल्या जातात.

एनबीए मानांकन शाखेला मिळतं, नॅक संपूर्ण कॉलेजला. कॉलेज 'ए प्लस' असूनही तुमच्या शाखेला एनबीए नसू शकतं. ते वेगळं तपासा.

शिक्षकांची संख्या मोजणं सोपं आहे. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेचं प्रमाण वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असं आहे. दरवर्षी १८० जागा असलेल्या शाखेत पहिलं वर्ष वगळलं तरी ५४० मुलं, म्हणजे २७ शिक्षक हवेत. कॉलेजच्या संकेतस्थळावरची त्या शाखेची यादी मोजा. गेल्या दोन-तीन वर्षांत जागा झपाट्यानं वाढल्या असतील तर हे मोजणं अधिकच गरजेचं.

आणि प्रत्यक्ष जा. प्रवेशाच्या दिवसांत सजवलेल्या मंडपात नको, चालू सत्रात साध्या मंगळवारी दुपारी दोनला जा. तेव्हा प्रॅक्टिकलची वेळ असते. प्रयोगशाळेला कुलूप आहे की आत मुलं आहेत, यंत्रावर धूळ आहे की तेलाचा वास, हे दारातूनही दिसतं. बाहेर चहाच्या टपरीवर तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा की कोणते सर चांगलं शिकवतात. तीन नावं पटकन आली तर ते लक्षण चांगलं.

## टप्पा ७: विकल्प अर्ज

आता कट-ऑफ यादी उघडा. ती वाचताना हमखास होणारी चूक म्हणजे चुकीचा रकाना वाचणं. रकान्याच्या नावात सुरुवातीचं जी म्हणजे सर्वसाधारण आणि एल म्हणजे मुलींसाठीची जागा. शेवटचं एच म्हणजे गृह विद्यापीठ (जिथून बारावी झाली त्या भागातलं), ओ म्हणजे बाहेरचं विद्यापीठ, एस म्हणजे राज्यस्तर. नांदेडहून बारावी झालेल्या मुलानं पुण्याच्या कॉलेजचा एच रकाना वाचून आशा धरली तर निराशा ठरलेली. त्याला ओ बघायचा आहे. शक्यतो पर्सेंटाइलसोबत गुणवत्ता क्रमांकही बघा. पर्सेंटाइल तोच असला तरी परीक्षा देणाऱ्यांची संख्या बदलली की क्रमांक हलतो.

विकल्प अर्ज, म्हणजे कॉलेज-शाखांची पसंतीयादी, भरताना एवढं पक्कं धरा: यादी तुमच्या खऱ्या आवडीच्या क्रमानं लावा, मिळण्याच्या शक्यतेनं लावू नका. संगणक गुणवत्तेनुसार एकेक उमेदवार घेतो आणि त्याची यादी वरून खाली वाचत जातो. वर एखादं न मिळणारं कॉलेज लिहिलं म्हणून खालच्या जागेवरचा तुमचा हक्क कमी होत नाही.

याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. २०२५-२६ च्या नियमांनुसार चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागत होती, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कुठलीही, तिसऱ्यात पहिल्या सहापैकी. ती नाकारली तर पुढच्या फेऱ्यांतून उमेदवार बाहेर. म्हणजे 'मिळणार थोडंच आहे' म्हणून वर टाकलेलं नको असलेलं कॉलेज गळ्यात पडू शकतं. पहिले सहा विकल्प असे हवेत की त्यातलं कुठलंही मिळालं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी फी भरायला जाल. आपल्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत हा नियम पुन्हा वाचा, तो दरवर्षी तसाच राहील असं नाही.

पसंती तीनशेपर्यंत देता येते. दहा-बारा भरून थांबणारे कुठल्याच फेरीत जागा न मिळून बसतात. पण आकडा वाढवायचा म्हणून न बघितलेली कॉलेजंही टाकू नका.

टीएफडब्ल्यूएसचा कोड वेगळा असतो, शेवटी टी असलेला. तो स्वतंत्रपणे निवडावा लागतो, साधा कोड टाकला की आपोआप विचार होत नाही. त्याच कॉलेजचा टी कोड आधी आणि साधा कोड लगेच खाली असं लावा. या जागांचा कट-ऑफ सहसा वर असतो आणि या जागेवर प्रवेश घेतल्यावर शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही.

तपासा: यादी कागदावर काढा आणि मुलानं ती मोठ्यानं वाचावी. शेजारच्या दोन ओळी घेऊन विचारा, 'दोन्ही समोर आल्या तर वरची घेशील ना?' जिथे उत्तर अडखळतं तिथे क्रम चुकला आहे. मगच अर्ज निश्चित करा. सायबर कॅफेवाल्याला ओटीपी आणि पासवर्ड देऊन घरी जाऊ नका.

## टप्पा ८: जागा मिळाल्यावर

मिळालेली जागा मनासारखी असेल तर फ्रीझ, म्हणजे तीच पक्की. आणखी वरची हवी असेल तर जागा स्वीकारून बेटरमेंट. बेटरमेंट घेतल्यावर पुढच्या फेरीत वरची जागा मिळाली की आधीची आपोआप जाते, परत मागता येत नाही. म्हणून आत्ता हातात आहे त्याहून खरोखर चांगलं असं वर काही असेल तरच बेटरमेंट घ्या. लागोपाठच्या फेऱ्यांत अर्ज पुन्हा भरायची संधी मिळते तेव्हा क्रमही पुन्हा तपासा.

कॉलेजात मूळ कागदपत्रं दाखवा, पडताळणी झाल्यावर परत घ्या आणि ठेवायला प्रती द्या. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायला यूजीसीनं २०१८ मध्येच मनाई केली आहे. भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या.

दुसरीकडे, म्हणजे जेईईतून किंवा दुसऱ्या राज्यात, जागा मिळाली तर आधीचा प्रवेश त्यासाठी ठरवलेल्या शेवटच्या तारखेआधी ऑनलाइन रद्द करा. तसं केलं तर १,००० रुपयांपर्यंतची कपात होऊन बाकी फी परत मिळते. तारीख उलटल्यावर फक्त अनामत रक्कम हाती येते. कॉलेजच्या खिडकीवर तोंडी सांगून रद्द होत नाही, लॉगिनमधून केलेल्या अर्जाची छापील प्रत काढा आणि ती कॉलेजात देऊन तुमच्या प्रतीवर पोच घ्या.